एक्केचाळीस विटांचा मान

बोरमळ्याच्या ग्रामपंचायतीनं मागितल्या विटा, आणि आल्याही विटाच. त्यामुळं तक्रार करायला तोंडच उरलं नाही.

झालं होतं असं, की नव्या अभ्यासिकेभोवती कंपाउंडची भिंत घालायची होती. ग्रामसेवकानं एका मोठ्या कंपनीच्या सीएसआरचा फॉर्म मोबाइलवर भरला. 'विटा, नग पाच हजार.' खाली विचारलेलं, कशासाठी? यादीत बांधकाम होतं, आरोग्य होतं, शिक्षण होतं. अभ्यासिका म्हणजे शिक्षणच की, असा विचार करून त्या शहाण्यानं शिक्षणावर बोट ठेवलं. आता शिक्षणातल्या विटा कसल्या असतात, हे दिल्लीकडच्या ऑफिसात बसलेल्या बाईला पक्कं ठाऊक होतं. दीड महिन्यानं टेम्पो आला आणि त्यातून अकरा पोती उतरली. आत प्लास्टिकच्या रंगीत विटा, साबणाच्या वडीएवढ्या. वरून गोल टिकल्या, खालून खळगे, एकीवर एक दाबली की टच्च बसणाऱ्या. लहान पोरं खेळतात त्या. मोजून पाच हजार. गवंडी सिमेंट कालवून बसला होता. त्यानं पोत्यात हात घातला, एक वीट बाहेर काढली आणि म्हणाला, "प्लास्टर आतनं करायचं का भायेरनं?"

परत पाठवाव्यात, तर पोचपावतीवर 'विटा मिळाल्या' असा सही-शिक्का होऊन बसलेला. पोती अभ्यासिकेच्या व्हरांड्यात पडून राहिली.

अभ्यासिका मात्र झकास झाली होती. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, दोन पंखे, रस्त्यापासून आत, कुठं चिटपाखराचा आवाज नाही. बोरमळा हे भीमेच्या काठचं गाव. शिरूरला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच पलीकडं दौंडला, आणि दोन्हीकडून तितकंच लांब. असल्या गावात अशी खोली म्हणजे चैनच. दिवाळीआधीच ती तयार झाली होती. पण मार्च उजाडला तरी आत माणूस गेला नव्हता, कारण उद्घाटन राहिलं होतं.

दाराला कुलूप नव्हतं बरं का. सुतारानं कडीसुद्धा बसवली नव्हती. दारात आडवी बांधलेली एक लाल फीत होती, बस्स. कुलूप असतं तर किल्ली मागता आली असती, नाहीतर दगडानं तोडता आलं असतं. फितीला काय करणार? फीत कापायची असते, कापायचा मान असतो, आणि मान एकाचाच असतो. घोडं तिथं पेंड खात होतं.

जयसिंगआप्पा माजी सरपंच. खोली मंजूर करून आणली त्यांनी. पोपटराव उपसरपंच, खोली उभी केली त्यांनी. मानावर दोघांचाही हक्क, आणि दोघांचं एकमेकांकडं बघणंही बंद. उद्घाटनाच्या पहिल्या तारखेला दोघंही घरून आपापली कात्री घेऊन आले होते. दुसऱ्या तारखेला आप्पांच्या भावकीत कुणी वारलं, आणि ते मुद्दाम वारलं असा पोपटरावांना संशय होता. तिसरी तारीख तर पत्रिकेत नाव वर कुणाचं आणि खाली कुणाचं, ह्यातच गेली. सरपंच होत्या सविताताई. त्यांना कुणी विचारलंच नाही. त्या बिचाऱ्या दर वेळी ठेवणीतली साडी नेसून यायच्या आणि तशाच परत जायच्या.

ह्या सगळ्यानं ज्याच्या डोक्याला खरा ताप झाला होता, तो माणूस म्हणजे शंकरराव मिस्त्री. शिरूरच्या डेपोत एकतीस वर्षं एसटीची इंजिनं खोलली आणि जोडली. तापट स्वभाव, मोठा आवाज, हाताला मात्र अशी कला की बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळही त्यांना बघून चालू व्हायचं. मुलगा नागसेन आणि सून शिक्रापूरला कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहिलेले. नात अपेक्षा आजोबांजवळ बोरमळ्यात. पोरगी तलाठ्याच्या परीक्षेला बसलेली. मागच्या खेपेला दोन मार्कांनी गेली. दोन! शंकररावांना ते दोन मार्क दोन माणसांसारखे ओळखीचे झाले होते. रस्त्यात भेटले असते तर त्यांनी त्यांना बडवलं असतं.

अभ्यास करायचा तरी कुठं? घराला लागून पिठाची गिरणी. सकाळी आठला सुरू झाली की भांडी हलायची मांडणीवर. मग अपेक्षा रोज एसटीनं दौंडला जायची आणि रेल्वे स्टेशनात बाकड्यावर बसून अभ्यास करायची. पंखा होता, उजेड होता, पोलीसही ओळखीचे झाले होते. पण स्टेशन ते स्टेशनच. एकदा शंकररावांनी तिची तोंडी घेतली.

"राज्यातलं सगळ्यात उंच शिखर?"

"कळसूबाई," अपेक्षा डोळे मिटून म्हणाली, "थोड्याच वेळात प्लॅटफॉर्म क्रमांक दोनवर येत आहे."

मग तिचं तिलाच कळलं. आधी ती हसली आणि मग रडायलाच लागली. "आबा, ह्या खेपेला न्हाई निघाली, तर मी पप्पांच्या कंपनीत लायनीवर उभी राहते. मला आता सोसत न्हाई. मला नुसती एक खोली पायजे. गप्प बसलेली खोली."

गावात तशी खोली गप्प बसून होती आणि तिच्या दारात फीत होती. परीक्षा एकतीस मेला. शंकरराव नुसते भडकले.

दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत चौथ्या तारखेची बैठक होती. आप्पा एका भिंतीला, पोपटराव दुसऱ्या भिंतीला, मध्ये सविताताई आणि चहा. शंकरराव बोलवण्याची वाट न बघता उठले.

"कुणीच कापू नका," ते म्हणाले. "फीत मशीन कापंल."

"कसलं मशीन?"

"त्या विटा हायेत ना पाच हजार, त्यांचं. एक वीट ढकलली की ती दुसरीला पाडती, दुसरी तिसरीला. पडत पडत फितीपतूर जात्यात. शेवटची वीट पडली की वरनं वस्तरा येतो आन् फीत खलास. माणसाचा हातच न्हाई. मान कुणाचाच न्हाई."

 आप्पांनी विचार केला, की मला नाही तर त्यालाही नाही. पोपटरावांनीही नेमका हाच विचार केला. बोरमळ्याच्या इतिहासात दोघांचं एकमत व्हायची ही पहिली वेळ. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि शंकरराव अशा तोऱ्यात घरी आले, की आता आठ दिवसांत खोली उघडलीच.

संध्याकाळी आप्पांचा निरोप आला. पहिली वीट कोण ढकलणार?

खरंच की! विटा आपोआप पडतात, पण पहिली आपोआप पडत नाही. आप्पा म्हणाले, पहिली माझी. पोपटराव म्हणाले, मग शेवटची माझी, कारण कापते शेवटची. आप्पा म्हणाले, सुरुवात मोठी. पोपटराव म्हणाले, शेवट मोठा. ह्या प्रश्नावर गावात तीन दिवस काथ्याकूट झाला. शेवटी पहिली आप्पांची आणि शेवटची पोपटरावांची असं ठरलं, तोवर मधल्या विटांचा प्रश्न उभा राहिला. कारण दोघांनी एकेक वीट घेतल्यावर सोसायटीच्या चेअरमननं काय घोडं मारलं होतं? दूध डेअरीवाल्यांनी? तरुण मंडळानं, बचत गटानं, भजनी मंडळानं? जो तो येऊन मिस्त्रींच्या कानाला लागायला लागला. "मिस्त्री, आमची एक घाला की मधी. बारकी का व्हईना." मान नको म्हणून काढलेल्या मशीनमध्ये दर विटेगणिक एक मानकरी घुसला. एप्रिल निम्मा सरला तवा यादी एक्केचाळीसवर गेली.

मग रंगांवरून जुंपली. हिरवी नको, ती त्या पार्टीची. भगवी असती तर घेतली असती, पण केशरी होती आणि केशरीला भगवं म्हणायचं का ह्यावर दोन गट पडले. निळ्या विटा मिस्त्रींच्या वस्तीला न विचारताच वस्तीच्या खात्यावर टाकल्या गेल्या. पांढऱ्या घ्याव्यात तर भजनी मंडळाचे हरिबा म्हणाले, "शुभकार्य हाय का दहावा?" अखेर साऱ्यांनी पिवळी घ्यावी असं ठरलं, आणि प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी चिकटवायची. गावाला विटेचा अगदी वीट आला. फीत तेवढी जुनीच राहू द्यायची ठरली, कारण नवी बांधायची कुणी, हा विषय काढायचंच कुणाचं धाडस झालं नाही.

आणि शंकरराव? इथं खरी गंमत आहे. सुरुवातीला ते नुसते चिडून काम करत होते. पण हाताला काम लागलं की मिस्त्रीचं डोकं कुठं ताब्यात राहतं? मशीन व्हरांड्याच्या तिन्ही बाजूंनी फिरू लागलं. विटांची रांग पडत पडत जिन्यासारख्या चढावर चढायची. वरच्या विटेचा धक्का लागून विटांचीच बनवलेली एसटी उतारावरून धडधडत सुटायची. ती जाऊन तराजूला थडकायची, तराजूतला तांब्या कलंडायचा, तांब्यातली ज्वारी पाटातून डब्यात पडायची, डबा जड झाला की खाली जायचा आणि दोरी ओढून पुढच्या रांगेची खिट्टी काढायचा. शेवटी दारावर न्हाव्याचा जुना वस्तरा बिजागरीला लावलेला. शेवटची पिवळी वीट पडली की वस्तरा सुटायचा. चाचणीला सुतळी बांधायचे आणि ती सप्पदिशी तुटली की शंकररावांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कोंबडीनं दोनदा अर्धं मशीन पाडलं. शेळीनं एकदा ज्वारी खाल्ली. तरी त्यांचा राग पळाला होता. ते चक्क गुणगुणत होते.

एका रविवारी अपेक्षा व्हरांड्यात येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तकं आणि बाकड्यावर टाकायची उशी.

"आबा, अजून किती दिस?"

"झालंच. ही एसटी जरा वळणावर उलटती, तेवढं केलं की..."

"एसटी कशाला पायजे व्हती? सरळ रांग लावली असती तर एप्रिलातच उरकलं असतं."

"अगं, एक्केचाळीस माणसं हायेत! सरळ रांगंत मान दिसत न्हाई त्यांचा."

तिनं चिठ्ठ्या वाचत वाचत रांगेवरून नजर फिरवली. "तुमची वीट कुठंय ह्यात?"

शंकरराव गडबडले. खरं तर त्यांनीही ती शोधली होती. एक्केचाळीस नावांत मिस्त्रींचं नाव घालावं असं एकालाही सुचलं नव्हतं, आणि आपण होऊन मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मी बनवतोय की सगळं," ते म्हणाले. "समदंच माझं."  अपेक्षानं दौंडची एसटी धरली.

त्यांना वाईट वाटलं. वाटलं खरं, पण पाच मिनिटांत ते परत एसटीच्या वळणात रमले. माणसाचं असंच असतं, कशासाठी निघालो ते राहतं बाजूला आणि कसं निघालो त्याचंच कौतुक चालू होतं.

तारीख ठरली बावीस मे. साहेब येणार होते. साहेब म्हणजे तालुक्यातले मोठे पुढारी. त्यांच्यासमोर मान मिळणार म्हणून एक्केचाळीस जणांनी कपडे शिवून घेतले. मांडव पडला, पाहुण्यांना फेटे बांधले, उरलेला एक मिस्त्रींच्याही डोक्यावर आला, हलगीवाल्याला बजावून ठेवलं की वस्तरा खाली आला रे आला की वाजवायला सुरुवात कर. अपेक्षा त्या दिवशी दौंडला गेली नाही. आज खोली उघडणार होती. परीक्षेला अजून नऊ दिवस होते, आणि नऊ दिवस म्हणजे पण काही कमी नाही, असं ती सकाळी स्वतःशीच म्हणताना शंकररावांनी ऐकलं.

सकाळी दहाचा कार्यक्रम. साहेब एक वाजता आले. सत्कार झाले, आणि आप्पा पहिल्या विटेपाशी गेले.  आप्पांनी बोट लावलं आणि वीट कलली.

"थांबा, थांबा!" फोटोवाला दत्ता ओरडला. "आप्पा, हिकडं बघा. वीट तशीच धरून ठेवा. हां. जरा हसा."

फीत कापताना कात्री फितीवर धरून फोटो काढायची आपल्याकडं रीतच आहे. फोटो निघाला नाही तर कापली असं कोण म्हणणार? आता तेच विटेला लागू झालं. आप्पांनी अर्धी कललेली वीट धरून चार बाजूंनी चार फोटो काढून घेतले आणि मग सोडली. वीट दुसरीवर पडली. दुसरी होती चेअरमनची. चेअरमन लगेच पुढं झाले, वीट दोन्ही हातांनी धरली आणि दत्ताकडं बघून हसले.

शंकररावांना आधी वाटलं, हा एकटाच येडा असेल. पण एकामागून एक सगळे तसेच. स्वतःची वीट आली की माणूस ती धरायचा, नाव दिसेल अशी चिठ्ठी फिरवायचा, कुणी बायकोला बोलवायचा, कुणी नातवाला कडेवर घ्यायचा. ओळीनं आपोआप पडायचं मशीन एसटीसारखं दर थांब्यावर थांबत निघालं. ज्वारीच्या तांब्याला बचत गटाच्या अकरा बायांनी एकदम हात लावला, कारण त्यांच्यातही कुणा एकीला मान द्यायचा नव्हता. खेळण्यातली एसटी उताराला लागली तर तरुण मंडळाच्या अध्यक्षानं ती उचलून डोक्यावर घेतली, घोषणा दिल्या आणि परत जागेवर ठेवली.

"आरं, हात काढा!" शंकरराव घसा फोडून सांगत होते. "तिची ती जाती!"

"जाती हो मिस्त्री, पण फोटो?"

सतराव्या विटेला साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढं एका लग्नाला जायचं होतं. विसावीला ते हात जोडत गाडीत बसले. धुरळा खाली बसला तरी मशीन काही थांबलं नाही, कारण उरलेल्या एकवीस जणांना मान सोडवत नव्हता.

तीन वाजून गेले तवा चाळिसावी वीट पडून पोपटरावांच्या विटेवर टेकली. पोपटराव दाराजवळ खुर्ची टाकून बसलेच होते. त्यांनी बोटानं आपली वीट अडवली, मान वळवून मांडवात बघितलं आणि साहेबांची खुर्ची रिकामी दिसली.

"साहेब कुठंयत?"

"गेले की मगाशी."

"गेले?" पोपटरावांचा चेहरा पडला. "म्हंजी आप्पांनी पाडली ती साहेबांफुडं, आन् माझी कुणाफुडं? दत्ताच्या क्यामेऱ्याफुडं? न्हाई जमायचं. साहेब येतील तवाच ही वीट पडंल."

बरं, न पाडावी तर सोडता कुठं येत होती? चाळिसावी वीट वरून रेलली होती. बोट काढलं की मान गेला. चाळिसावी मागं घ्यावी म्हटलं, तर ती हरिबांची. ते कडाडले, "पडलेली वीट माघारी घेऊ? माझा मान काय उसना आणलाय?" झालं. पोपटराव एका बोटावर अडकले. कुणीतरी साहेबांना फोन लावला. साहेबांनी अकरा जून ही तारीख दिली. तोवर बोट कुणी कुणी किती किती तास धरायचं, ह्याची गंभीरपणे चर्चा सुरू झाली. एकानं पोपटरावांना बशीनं चहा पाजला.

एवढ्यात आप्पा गरजले. "अकरा जूनला साहेब शेवटची बघणार आन् माझी पहिली वाया? ते काय न्हाई. त्या दिवशी समदं पहिल्यापास्नं परत लावायचं. मिस्त्री, जमंल का?"

सगळ्या गावानं शंकररावांकडं बघितलं. उभ्या जन्मात गावानं त्यांच्याकडं असं एकदम बघितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला. परत लावायचं! ह्या वेळी वळण सुधारता येईल, पाणी सोडता येईल, चक्र घालता येईल.

"जमंल की आप्पा," ते उत्साहानं म्हणाले. "ह्या खेपेला असं करतो, की..."

बोलता बोलता त्यांना अपेक्षा दिसली. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. ती चिडली नव्हती, रडत नव्हती. तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि शांतपणे म्हणाली, "चारची एसटी घावंल अजून. येते मी दौंडला जाऊन."

कुणी थोबाडीत मारावी तसं शंकररावांना झालं. आरं लेका शंकर, ते मनात म्हणाले, दोन महिने तू कुणाची खोली बांधत व्हतास? तुला वीट मिळाली न्हाई म्हणून तू आख्खं मशीन घेऊन बसलास! हे एक्केचाळीस जण येडे, आन् बेचाळिसावा तू.

"थांब," ते ओरडले. "कुठं जायचं न्हाई दौंडला."

ते दारापाशी गेले. पोपटराव बोट सांभाळत म्हणाले, "मिस्त्री, वस्तऱ्याखाली येऊ नका." शंकररावांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि ते फितीखालून वाकू लागले. एकतीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर झोपून काम केलेला माणूस, पण कुणाच्या दारात वाकून शिरला नव्हता. त्यांचा बाप शिरायचा. बापाची ती वाकलेली पाठ आठवली की आजही त्यांचा जीव जळायचा, आणि लहानपणीच त्यांनी ठरवलं होतं की आपण काही असं करायचं नाही. आज नातीसाठी वाकले. गुडघे कडकड वाजले, फेटा फितीला अडकून पडला, आणि ते आतल्या फरशीवर उभे राहिले.

 न कापलेल्या फितीपलीकडं माणूस गेला होता.

"ये, अपेक्षा," आतून शंकररावांनी हाक मारली.  "ये पोरी. वाक जराशी आन् ये."

अपेक्षा दारासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

"मी न्हाई वाकायची आबा," ती म्हणाली. "आन् तुम्ही पण वाकायला नको व्हतं."

आणि ती सरळ चालत आली, स्वतःच्या घरात यावं तशी. फीत तिच्या छातीला लागली आणि तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. सात महिने उन्हातान्हात बांधून ठेवलेलं कापड ते, त्यात काय राहिलं असणार? ज्याच्यापुढं सगळं गाव सात महिने अडून बसलं होतं, त्यात एका पोरीला अडवायचंही बळ नव्हतं.

पोपटरावांनी आ वासला, आणि आ वासताना बोट सुटलं. शेवटची वीट अगदी ऐटीत पडली. खिट्टी निघाली, वस्तरा सुटला, सप्पदिशी खाली आला आणि जिथं फीत असायला हवी होती नेमकी तिथली हवा त्यानं कापली. तसूभरही चूक नाही. हलगीवाल्याला सांगितलंच होतं, की वस्तरा आला की वाजव. त्यानं वाजवायला सुरुवात केली.

मग एकच कालवा उठला. फीत कापली का तुटली? तुटली म्हणजे उद्घाटन झालं का? झालं असेल तर कुणाच्या हस्ते? आप्पा म्हणाले, झालंच नाही. पोपटराव म्हणाले, माझी वीट पडली म्हणजे झालंच. सविताताई कुणाला न विचारता उठल्या, दारातनं आत आल्या आणि तिथूनच मागं वळून म्हणाल्या, "तुमचं ठरलं की सांगा. तवर पोरींनो, या गं आत." बायांच्या घोळक्यातून करिश्मा निघाली, सारिका निघाली, आणखी चार-पाच जणी निघाल्या, घरून पुस्तकं आणायला पळाल्या.

शंकरराव दारात उभे होते. पाठीमागं मशीन एकदाचं चाललं होतं आणि त्यांनी ते बघितलंच नव्हतं. वस्तरा कसा आला, वेळेवर आला का, हे कुणाला तरी विचारावं असं एकदा त्यांच्या ओठावर आलं. पण समोर अपेक्षा दाराजवळच्या टेबलाशी बसली होती. तिनं वही काढली, पुस्तक उघडलं, कानात बोटं न घालता वाचायला लागली. शंकररावांचा ऊर असा भरून आला की त्यांना वाटलं, आता हिनं वर बघावं, एक शब्द तरी बोलावा.

अपेक्षानं वर बघितलं.

"आबा."

"काय गं, माझ्या बाय?"

"उजेड आडतोय. जरा सरका."

शंकरराव सरकले.